लाल चिंधीची काटी

पुण्याहून निघाले तेव्हा पाठीवर कॅमेरा होता आणि डोक्यात फोटोग्राफीच्या सरांचं एक वाक्य. "मॅडम, तुमच्या फोटोत पक्षी सोडून बाकी सगळं फोकसमध्ये असतं." हे त्यांनी आमच्या पक्षी-फोटोंच्या ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत लिहिलं होतं. मी उत्तरादाखल एक हसरा चेहरा पाठवला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन कुकरवर राग काढला.

खोटं काहीच नव्हतं त्यात. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, कॅमेरा घेऊन सहा. सहा महिन्यांत मी खंड्याची शेपटी टिपली, मुंडकं नसलेला बगळा टिपला आणि एक बुलबुल असा टिपला की विजेची तार त्याच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून निघाली आहे. फांदी लख्ख, पक्षी धूसर. ग्रुपचं प्रदर्शन भरणार होतं, प्रत्येकाचा एक फोटो लागणार होता, आणि माझ्याकडे भिंतीवर लावावा असा एकही नव्हता. हट्टी स्वभाव आहे माझा. मला तो एक फोटो हवाच होता.

सुनंदा माझी कचेरीतली मैत्रीण. वीस वर्षं शेजारच्या टेबलाला. तिचं माहेर धाराशिव जिल्ह्यातलं, जळकोटचं. ती फोनवर म्हणाली, "आमच्या दादाच्या रानात टिटवीनं अंडी घातलीत. अंड्यावरची टिटवी उठून उठून जाणार कुठं? तुझ्यासारखीला असाच पक्षी पाहिजे." त्यातला टोमणा मी गिळला आणि तिकीट काढलं.

सोलापूरपर्यंत रेल्वे आणि तिथून उमरग्याकडे जाणारी एसटी. मे महिना. खिडकीची काच बंद केली तर घाम आणि उघडली तर झळा. दोन्ही बाजूंना काळं रान, कुठं नांगरून ढेकळं वर आलेलं, कुठं अजून तुरीच्या खुंटांसकट पडलेलं. महामार्गावर ट्रकांची रांग हैदराबादकडे. शेजारच्या सीटवर मी लेन्सची बॅग ठेवली होती. कंडक्टरने ती बघून विचारलं, "ह्यांचं तिकीट काढलंय का?" मी ओशाळून बॅग मांडीवर घेतली. अणदूरला कपाळभर भंडारा लावलेल्या एक आजी चढल्या आणि रिकाम्या जागेवर बसल्या. बॅगेकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "बाजा हाय व्हय गं त्यात?" (बाजा म्हणजे पेटी, हार्मोनियम.) मी सांगितलं, पाखरांचे फोटो काढायचं यंत्र आहे. आजींनी जरा विचार केला. "पाखरं काय म्हंतेत मग?"

जळकोटच्या फाट्यावर मल्लिनाथअण्णा मोटारसायकल घेऊन उभे होते. सुनंदाचे थोरले भाऊ, साठीचे, उंच, आणि एक गाल टम्म सुजलेला. त्यावरून उपरणं बांधून डोक्यावर गाठ मारलेली. "दाढ," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती काढायला उमरग्याला जायचं होतं. असा ठणकता गाल घेऊन माणूस उन्हात मला न्यायला आला होता.

वस्ती रानातच. पत्र्याच्या दोन खोल्या, समोर कडुनिंब, त्याखाली बाज. कस्तुरावहिनींनी पाण्याच्या तांब्याबरोबर गुळाचा खडा दिला. "तुमची टिटवी सकाळपासून वाट बघलालीय," त्या म्हणाल्या. (बघलालीय म्हणजे बघते आहे. या भागात क्रियापदांना अशी लाडिक लय असते, दिवसभर ऐकत राहावी अशी.)

उन्हं कलल्यावर आम्ही तिघं रानात गेलो. मी घरटं शोधत होते झाडावर, झुडपात. अण्णा थांबले. "ताई, पायाखाली बघा."

दहा-बारा पावलांवर उघड्या जमिनीवर एक काटी रोवलेली होती. (तिकडे काठीला काटीच म्हणतात.) कमरेइतकी बाभळीची काटी, टोकाला लाल चिंधी. काटीपासून दोन हातांवर टिटवी बसलेली. आम्हाला पाहून ती उठली, तुरुतुरु पळाली आणि तिने असा आकांत मांडला की मी कानावर हात ठेवले. तिच्या जागी जमिनीत बशीएवढा खळगा होता. त्यात खडे, चार शेळीच्या लेंड्या आणि चार अंडी. मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. डोळा जरा हलला की ती दिसेनाशी व्हायची.

"म्हणून काटी," वहिनी म्हणाल्या. "न्हाईतर नांगराला काय दिसतंय?"

त्या घरात ही रीतच आहे. उन्हाळ्यात रानात टिटवी बसली की तिच्याजवळ लाल चिंधीची काटी रोवायची आणि काटीभोवती पाच पावलं रान नांगरायचं नाही. पिल्लं निघून चालायला लागली की काटी काढायची. गावात बाकीही काही घरं असंच करतात. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, जितकी अंडी तितके महिने, असा हिशेब सांगतात. शेजारपाजारचे लोक मुद्दाम येऊन अंडी मोजून गेले होते.

"खरं ठरतं का पावसाचं?" मी विचारलं.

अण्णांनी गाल दाबत उत्तर दिलं. "कवा ठरतंय, कवा न्हाय. पर आमची आई म्हणायची, पाऊस येवो न येवो, टिटवीचं घर आपल्या नांगरानं मोडाय न्हाय पाहिजे."

जवळच बांधाशी वहिनींनी फुटकं घमेलं पाणी भरून ठेवलं होतं. टिटवी त्यात पोट बुडवून यायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायची, गार ठेवायला. मी ते पाहिलं आणि कॅमेरा विसरून दोन मिनिटं नुसती उभी राहिले. तेवढी दोन मिनिटं मला त्या दिवसांतली चांगली आठवतात.

मग लागले कामाला. सर शिकवतात ते सगळं पाठ होतं. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला या, म्हणजे आडवे व्हा. फोकसचा एकच ठिपका ठेवा, तो डोळ्यावर. श्वास सोडून मग बटण दाबा. पक्षी मधोमध कोंबू नका, तो ज्या बाजूला बघतो त्या बाजूला जागा सोडा. मी जमिनीवर पालथी पडले. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आगं बया, उठवायचं कुणी ह्यांना मग?"

तीस-चाळीस फोटो काढले. घराच्या ओट्यावर एका कोपऱ्यात रेंज येते, तिथं उभं राहून त्यातला बरा एक सरांना पाठवला. त्यांचा आवाजी निरोप आला. "डोळा मिळालाय, शाब्बास. पण तिच्या डोक्यातून काठी उगवलीय बघा. मागचं बघत जा हो मॅडम. दोन पावलं सरका, काठी बाहेर जाईल."

जेवायला धपाटी, दही आणि येसरची आमटी होती. (येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ.) अण्णांनी नुसती आमटी प्यायली. मी चार धपाटी खाल्ली आणि काठीचा विचार करत राहिले.

सकाळी सहालाच दोघं उमरग्याला निघाली. वहिनींची बहीण तिथं असते, दाढ काढून झाल्यावर तिच्याकडे जेवून संध्याकाळी परत येणार होती. जाताना अण्णा म्हणाले, "लिंबाजी टॅक्टर घेऊन दुपारी चारला येतोय. त्याला सांगितलंय, लाल चिंधीची काटी दिसंल, तिथं पाच पावलं सोड. दरसाल तोच करतो. तुम्ही हाईतच की. जरा लक्ष असू द्या."

"काळजीच करू नका," मी म्हटलं. हे माझे शब्द. मी ते मोठ्या आवाजात, हात हलवून म्हटले होते.

दोघं वळणावर दिसेनाशी होताच मी रानात गेले. ऊन कोवळं होतं, टिटवीच्या डोळ्याभोवतीची लाल कडा चमकत होती. पण काठी होतीच. डावीकडे दोन पावलं सरकावं तर तिथं सराट्याचे काटे पसरलेले, पालथं पडायची सोय नाही. उजवीकडे सरकावं तर ऊन समोरून लेन्समध्ये. सराट्यांवर ताडपत्री टाकता आली असती. ती घरात होती, शंभर पावलांवर. किंवा तासभर थांबले असते तर ऊन फिरलं असतं.

मी उठले, चालत गेले आणि काटी उपटली.

दोन्ही टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होत्या. नर कुठला, मादी कुठली, मला कळत नव्हतं. मी काटी नेऊन बांधावर ठेवली, लाल चिंधी वर राहील अशी, म्हणजे नंतर पटकन सापडेल. मग लांब येऊन पडून राहिले. अर्धा तास कोपरांत खडे रुतत होते. शेवटी ती परत आली, चार पावलं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. खळग्याशी येऊन तिने पोटाखालची पिसं फुलवली आणि हळूच बसली. तिची मान वळली. श्वास सोडून मी बटण दाबलं.

तो फोटो आला! डोळ्यात सूर्याचा बारीक ठिपका, चोचीची काळी टोकदार अणी, आणि मागे सगळं रान एकाच तपकिरी रंगात विरघळलेलं. एक काडी नाही, एक खुंट नाही. मी पडल्या पडल्या एकटीच "आई शप्पथ!" असं ओरडले. तसंच स्क्रीनकडे बघत बघत उठले, फोटो मोठा करून डोळा बघत बघत घराकडे चालू लागले. बांधावरून गेले. त्या बांधावरूनच गेले मी, काटीवरून पाय टाकून. ऊन तापलं होतं, तहान लागली होती आणि मला फोटो पाठवायची घाई झाली होती.

ओट्यावर रेंज रुसली होती. तेव्हा ठरवलं, नळदुर्गला जाऊ. किल्लाही बघून होईल आणि फोटोही जाईल. चारच्या आत परत येऊ.

फाट्यावरून वडाप मिळालं. (वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप.) माझ्या एका बाजूला शेळी होती, दुसऱ्या बाजूला लोणच्याच्या कैऱ्यांचं पोतं. नळदुर्गचा किल्ला प्रचंड आहे. बोरी नदी अडवून बांधलेल्या भिंतीच्या पोटातच एक महाल आहे. पावसाळ्यात म्हणे वरून धबधबे कोसळतात आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. आत्ता पाणी तळाशी होतं, हिरवं, निवांत. एक ढोकरी (तपकिरी बगळ्याची जात) काठावर उभी होती आणि मी तिच्याकडे साधं बघितलंही नाही. भिंतीच्या सावलीत बसले, फोटो पाठवला आणि वाट बघू लागले.

आणि मग पाऊसच पडला कौतुकाचा. "वा मॅडम!", "हा तुम्ही काढला?", टाळ्या, फुलं. ज्या बाईंनी माझ्या बगळ्याला एकदा "शिरच्छेद" म्हटलं होतं त्यांनीसुद्धा अंगठा दाखवला. मी प्रत्येक उत्तर दोन-दोनदा वाचलं. बाहेर येऊन उसाचा रस घेतला, पुन्हा वाचलं. तीन वाजून गेले तेव्हा सरांचं उत्तर आलं. "प्रदर्शनात हाच. डोळा अचूक. आणि मागचं काय सुरेख मोकळं मिळालंय, एक काडीसुद्धा नाही!"

काडीसुद्धा नाही. माझ्या हातातला ग्लास तिथंच राहिला.

आता जे सांगते ते सांगायला मला सर्वांत जड जातं. माझ्या हातात फोन होता. त्यात मल्लिनाथअण्णांचा नंबर होता. एक फोन केला असता तर त्यांनी लिंबाजीला कळवलं असतं आणि दोन मिनिटांत काम झालं असतं. मी नंबर काढलाही. पण फोन केला की सांगावं लागणार होतं, काटी मी उपटली. मनाने लगेच वकिली सुरू केली. अण्णांची दाढ नुकतीच काढली असेल, त्यांना कशाला त्रास? अजून पाऊण तास आहे. आपण आधी पोचू, गुपचूप काटी रोवू, कुणाला कळणारही नाही. मी फोन पर्समध्ये ठेवला.

वडाप भरेपर्यंत सुटत नाही. सहा माणसं झाली होती, ड्रायव्हरला अकरा हवी होती. मी म्हटलं, "चला ना हो, उशीर होतोय." तो म्हणाला, "बसा मावशी, निघालोच." निघालोच म्हणून तो चहा प्यायला गेला. तेव्हाही फोन करता आला असता. बाई, तेव्हाही करता आला असता!

फाट्यावर उतरून पळत गेले. या वयात पळणं म्हणजे काय ते विचारू नका. लांबूनच ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला आणि त्याच्यावर टिटव्यांचा. लिंबाजी साडेतीनलाच आला होता. निम्मं रान काळं झालं होतं. जिथं काटी होती ती जागा कुठली, हेसुद्धा मला ओळखता येईना. सगळीकडे सारखीच ढेकळं. दोन टिटव्या एका ठिकाणी उतरायच्या, उठायच्या, पुन्हा तिथंच उतरायच्या, त्यावरून कळलं.

लिंबाजी पंचेचाळीसेक वर्षांचा, मिशांवर धूळ बसलेला. मला पाहून ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, "पावनं व्हय तुमी अण्णाकडचं? आवंदा टिटवी लवकर उठली जणू. काटी न्हाय दिसली कुठं." मी म्हटलं, "हो का?" एवढंच. त्याच्या मागे बांधावरच्या वाळल्या गवतात लाल चिंधी मला दिसत होती, कारण कुठं बघायचं ते मला माहीत होतं. मी ती उचलली नाही, लपवलीही नाही. तिच्याकडे पाठ करून घरी आले आणि चहा ठेवला.

सहाच्या सुमाराला दोघं परतली. अण्णांच्या तोंडात कापसाचा बोळा होता. वहिनींनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि त्यांचे कान टवकारले. "ही अशी का ओरडलालीय?" त्या तशाच रानात गेल्या. परत आल्या तेव्हा पदरात काहीतरी होतं. टरफलांचे दोन तुकडे, मातीत माखलेले. एकाला आतून चिकटलेलं ओलं काहीतरी होतं. मी नीट बघितलं नाही.

लिंबाजी काम संपवून चहाला आला होता. अण्णांनी तोंडातला बोळा काढून फेकला आणि कधी नव्हे इतका आवाज चढवला. "डोळं हाईत का बटनं? दरसालचं हाय, तरी तुला सांगावं लागतंय व्हय?"

"काटी नव्हती अण्णा. आईची आण. लई बघितलं. टिटवी ओरडलाली होती, पर ती तर कायमच ओरडतीय."

"काटी काय उडून गेली?"

"शेळीनं पाडली असंल," वहिनी हळूच म्हणाल्या.

"शेळ्या दावणीला होत्या," अण्णा म्हणाले. लिंबाजीने कपबशी खाली ठेवली. चहा अर्धा तसाच होता. त्याने दोनदा डोळे चोळले, धुळीमुळे असेल, आणि ट्रॅक्टर घेऊन निघून गेला. मी सगळा वेळ तिथंच, बाजेवर, हातात कप धरून बसले होते. तोंड उघडलं नाही. माझ्या तोंडात तर कापूसही नव्हता.

थोड्या वेळाने वहिनी माझ्याशेजारी येऊन टेकल्या. "ताई, तुम्ही सकाळी फोटू काढला आसंल की. दावा बरं. डोळं भरून बघू द्या तिला."

मी कॅमेरा सुरू करून दिला. काय विचार करून दिला, देव जाणे. कदाचित त्यांना बरं वाटेल असं वाटलं असेल. कदाचित सुटायचंच होतं मला. वहिनींनी चष्मा लावला. "आगं बया, किती देखणी! डोळ्यात सूर्व्या दिसलालाय बघा." अण्णांनाही बोलावलं. दोघं त्या छोट्या स्क्रीनवर वाकली. मग वहिनींचं बोट स्क्रीनवर फिरलं, टिटवीच्या मागे, डावीकडे, उजवीकडे.

"ह्यात काटी न्हाय," त्या म्हणाल्या.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हिशेब लागत नाही म्हणून बघावं तसं.

"मी काढली," मी म्हटलं. "फोटोत मधे येत होती म्हणून. परत लावायची विसरले. नळदुर्गला आठवलं, तरी फोन केला नाही. लिंबाजीची काही चूक नाही." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. रान तर समोर दुभंगलेलंच होतं.

अण्णांनी मला काहीच म्हटलं नाही. शिवी दिली असती तर मी पाया पडले असते त्यांच्या. ते ओट्याच्या कोपऱ्यात रेंजला गेले आणि फोन लावला. "लिंबाजी, माझं चुकलं रं. काटी खरंच नव्हती." मग नुसतं ऐकत राहिले. मी जाऊन फोन मागून घेतला आणि त्यालाही सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "जाऊ द्या ताई. मला वाटाय लागलं होतं, म्याच आंधळा झालो का काय. घरी सांगत बसलो होतो, डोळं तपासाय पाहिजेत म्हणून." आणि फोन ठेवता ठेवता, "तेवढा फोटू पाठवा मला. बघतो काय होतं तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघाले. आणखी दोन दिवस राहायचं ठरलं होतं, कुणी थांबा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. वहिनींनी धपाटी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. ते पुडकं घेताना मला वाटलं, हे नसतं दिलं तर परवडलं असतं. फाट्यावर अण्णांनी बॅग गाडीत चढवून दिली. गाल उतरला होता. "सुनंदीला सांगा, दाढ निघाली," म्हणाले.

परतीच्या प्रवासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. सोलापूरपर्यंत मी खिडकीतून नांगरलेल्या रानांत काट्या शोधत होते. दोन दिसल्या. आधी जाताना एकही दिसली नव्हती.

पुण्यात आल्यावर ग्रुपवर खरं लिहिलं आणि प्रदर्शनातून फोटो मागे घेतला. काहींनी "होतं असं, मनाला लावून घेऊ नका" लिहिलं. शिरच्छेदवाल्या बाईंनी काही लिहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. सरांचा फोन आला. ते चिडले होते. "मी काठी काढा म्हटलं होतं का? दोन पावलं सरका म्हटलं होतं. तुम्ही सरका, मॅडम, तुम्ही." मी म्हटलं, "हो." फोटोत नको असलेलं काही आलं तर आपण हलायचं असतं, हा पहिल्या दिवसाचा धडा. मी तो वहीत लिहून घेतला होता, खाली रेघही मारली होती. सराट्यांची दोन पावलं मला जड झाली आणि नंतर एक फोन जड झाला. टिटवी रोज घमेल्यापासून खळग्यापर्यंत ओलं पोट घेऊन किती फेऱ्या घालत होती, ते मी स्वतः पाहिलं होतं.

लिंबाजीला फोटो पाठवला. त्याने उत्तर दिलं नाही. निळी खूण तेवढी झाली.

जूनच्या मध्यावर एके दिवशी सकाळी वहिनींचा निरोप आला, त्यांच्याच आवाजात. "ताई, टिटवीनं परत अंडी घातली बघा. ह्या खेपंला तीनच. बांधाच्या उंचावर. म्या फोटू काढलाय, पर हात हालला, नीट आला न्हाय. या की बघाया." खाली फोटो होता.

सरांना दाखवला असता तर त्यांनी डोक्याला हात लावला असता. टिटवी पार कोपऱ्यात, अर्धी कापलेली, नुसता एक तपकिरी डाग. पुढच्या मातीवर वहिनींची स्वतःची सावली पडलेली, फोन धरलेल्या हातांसकट. फोकस भलतीकडेच बसला होता, अगदी मधोमध, काटीवर. बाभळीच्या सालीची रेघ न् रेघ दिसत होती, चिंधीचा धागा न् धागा. मी फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिले आणि तेव्हा मला कळलं, काटी एक नव्हती. अंड्यांच्या अल्याड एक आणि पल्याड एक होती. दोन्हींना लाल चिंध्या.

मी लगेच फोन लावला. पावसाचं विचारलं, अण्णांच्या दाढेचं विचारलं, लिंबाजीचं विचारलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "वहिनी, काट्या दोन कशाला हो रोवल्यात?"

पलीकडून टिटवी ओरडताना ऐकू येत होती.

"आसू द्या की ताई," त्या म्हणाल्या.